गाडी जुनी, इंजिन परके

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीत तिचे मूळचे इंजिन उरले नसेल, तर तिला मानाची ‘जुनी मोटार’ म्हणून नोंदवावे काय, आणि तिची किंमत कोणत्या हिशेबाने करावी, हा प्रश्न वरवर पाहता हौशी श्रीमंतांच्या बैठकीतला वाटेल. ज्या देशात सामान्य माणसाला बसमध्ये उभे राहायला जागा मिळण्याची मारामार आहे, तेथे दोन आसनी स्पोर्ट्‌स कारच्या बॉनेटखाली काय दडले आहे याची चिंता वर्तमानपत्राने कशाला वाहावी, असेही कोणी विचारील. परंतु जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले आहे. ज्या गोष्टीवर कायदा बोलतो तिच्यावर नागरिकांनीही बोलले पाहिजे. शिवाय या प्रश्नाच्या पोटात ‘अस्सल कशाला म्हणावे’ हा दुसरा आणि अधिक जुना प्रश्न लपलेला आहे. त्याचे उत्तर देताना कायद्याने घाई केली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियम असा आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा खाजगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क पडते, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्ही ए’ ही दोन अक्षरे येतात. गाडी रोजच्या कामाला वा भाड्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. येथवर तक्रारीला जागा नाही. पुढची अट मात्र अशी की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत फेरफार होईल अशी मोठी उलथापालथ तिच्यात झालेली नसावी. या एका अटीने देशातल्या जुन्या गाड्यांचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग ज्यांचे इंजिन जन्मापासून तेच आहे त्यांचा, आणि दुसरा बाकीच्यांचा. या बाकीच्या गाड्या कोणत्या आणि त्यांचे इंजिन का बदलले, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तो विचार करायचा तर बिदर आणि कलबुर्गीकडे पाहावे. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी किंवा हुमनाबादजवळ माणिकनगरला श्रीमाणिकप्रभूंच्या समाधीसाठी जाणाऱ्या आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना हे जिल्हे परके नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत आजही घराघरांतून मराठी ऐकू येते. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे मोटार आली ती प्रथम निजामाच्या पदरी, मग पायगा-सरदारांकडे आणि कल्याणीच्या नबाबासारख्या जहागीरदारांकडे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. आत सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी येण्यापूर्वीच, १९११ मध्ये, महबूब अली निवर्तले. पुढे ती केवळ समारंभापुरती बाहेर पडली आणि सगळ्या आयुष्यात फारच थोडी चालली. तिचे सारे मूळचे राहिले यात नवल नाही. जी झिजलीच नाही ती बदलणार कशाला?

परंतु प्रत्येक गाडीच्या नशिबी राजवाडा नसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, आणि उत्पन्न आटलेल्या वाड्यांना परदेशी गाड्या पोसणे जड जाऊ लागले. संस्थाने गेल्यावर देशभर जे झाले तेच येथेही झाले. वाड्यातल्या गाड्या हातोहात फिरल्या आणि व्यापारी, कंत्राटदार, डॉक्टर, वकील यांच्या दारी आल्या. त्यांना गाडी मिरवायची नव्हती, चालवायची होती. इतक्यात परकीय चलनाची टंचाई सुरू झाली, आयातीवर निर्बंध आले आणि विलायती सुटे भाग दुर्मिळ झाले. पिस्टन फुटला वा क्रँक मोडला तर कारखान्याला पत्र लिहून उपयोग नव्हता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि गॅलनवारी पेट्रोल पिणारी मोठी अमेरिकन गाडी दारात उभी करणे म्हणजे हत्ती बांधण्यासारखे झाले. अशा वेळी गॅरेजातला मिस्त्री पुढे आला. त्याने मूळचे इंजिन उतरवले, माउंटिंग कापून-जोडून जागा केली आणि ॲम्बॅसडरचे, फियाटचे किंवा एखादे डिझेल इंजिन चढवले. गाडी पुन्हा चालू लागली. उतरवलेला ब्लॉक कोपऱ्यात पडून गंजला आणि एके दिवशी किलोच्या भावाने भंगारात गेला.

आमच्या गोव्याच्या वाचकांना ही कथा दुसऱ्या पाठाने ठाऊक आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी मोटारी मुक्तपणे येत होत्या. मुक्तीनंतर तो ओघ थांबला आणि असलेल्या गाड्यांवर दिवस काढणे भाग पडले. इकडे खारा वारा पत्रा खातो, तिकडे बिदरची तांबडी धूळ बोअर झिजवते. रोग निराळे असले तरी औषध एकच होते, मिळेल तो भाग बसवून गाडी चालती ठेवणे. म्हणजे आपल्या देशात इंजिन बदलले गेले ते बहुधा हौसेने नव्हे, नाइलाजाने. राजवाड्यात उभी राहिलेली गाडी अस्सल ठरावी आणि माणसांच्या उपयोगी पडून झिजलेली गाडी बाद ठरावी, हा या नियमाचा अर्थ निघतो. आळशाला बक्षीस आणि राबणाऱ्याला दंड, असा हा न्याय झाला.

आता बाजार काय म्हणतो ते पाहू, कारण किमतीच्या बाबतीत बाजार कायद्यापेक्षा सूक्ष्म विचार करतो. प्रत्येक मोटारीला दोन क्रमांक असतात, एक चासीवर ठोकलेला आणि दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवर. गाडी कारखान्याबाहेर पडताना कोणत्या चासीवर कोणते इंजिन बसवले याची नोंद कारखान्याच्या वहीत होते. हे दोन्ही क्रमांक वहीशी जुळले की गाडी पहिल्या पायरीची, आणि तिला सर्वांत अधिक मोल. दुसऱ्या पायरीवर त्याच कारखान्याचे, त्याच जातीचे आणि त्याच काळातले, परंतु दुसऱ्या गाडीतून आलेले इंजिन. तिसऱ्या पायरीवर त्याच घराण्यातले पण नंतरचे किंवा मोठे इंजिन. चौथ्या पायरीवर ज्याचा त्या गाडीशी काहीच नातेसंबंध नाही असे परके इंजिन. पायरीगणिक किंमत उतरते, आणि शेवटच्या पायरीवर ती कोसळते. मूळचा ब्लॉक गाडीसोबत जपून ठेवला असेल, तर मात्र गेलेल्या किमतीचा बराच भाग परत येतो. बदल कायमचा न राहता उलटवता येण्याजोगा होतो, हे त्याचे कारण.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत ही घट अधिक तीव्र का, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. जॅग्वार कंपनीने १९४८ मध्ये ‘एक्स के १२०’ ही गाडी आणली. यातले ‘एक्स के’ हे तिच्या इंजिनाचे नाव. सहा सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, ३४४२ सी.सी. ‘१२०’ म्हणजे त्या इंजिनाने गाठायचा ताशी मैलांचा वेग. म्हणजे गाडीचे बारसेच इंजिनावरून झाले. त्या देखण्या बॉनेटखाली फियाटचे इंजिन बसवले, तर गाडी चालेल. पण तिच्या नावातला एकही शब्द खरा उरणार नाही. घरंदाज सलूनचे इंजिन बदलले तर तिचा एक अवयव बदलतो. स्पोर्ट्‌स कारचे इंजिन बदलले तर तिच्या असण्याचे कारणच जाते.

तरीही परकेपणाला मोजमाप आहे. १९५५ च्या ‘एम जी ए’ या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारमध्ये १४८९ सी.सी.चे इंजिन होते, आणि आपल्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे धडधडलेले १४८९ सी.सी.चे इंजिनही त्याच ब्रिटिश घराण्यातले. एम जी ला दोन कार्ब्युरेटर आणि अधिक जोर, ॲम्बॅसडरला साधी राहणी. पण रक्त एकच. तेव्हा एखाद्या एम जी मध्ये मिस्त्रीने ॲम्बॅसडरचे इंजिन बसवले असेल, तर त्याने घराबाहेरचा दत्तक न घेता चुलतभावाचा मुलगा मांडीवर घेतला असे म्हणावे लागेल. जाणकार खरेदीदार हे नाते ओळखतो आणि त्याप्रमाणे किंमत करतो. २०२१ चा नियम मात्र जॅग्वारमधले फियाटचे इंजिन आणि एम जी मधले ॲम्बॅसडरचे इंजिन यांना वेगवेगळी वागणूक द्यायला शब्दही ठेवत नाही.

‘मूळचे’ या शब्दाची खरी फजिती पाहायची असेल तर मद्रासच्या ‘स्टँडर्ड २०००’ कडे पाहावे. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीने १९७६ मध्ये साडेतीन लिटर, आठ सिलिंडरांच्या इंजिनाची एक देखणी वेगवान गाडी काढली. १९७७ साली तिला युरोपातल्या सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. तिचाच साचा आणून १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ विक्रीला आणली. मात्र आत इंजिन बसवले ते १९४० च्या दशकातल्या व्हॅनगार्डच्या वंशातले, १९९१ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे. वाघाचे कातडे पांघरलेला बैल असे तिचे वर्णन कोणी केले असते तर ते चूक ठरले नसते. गिऱ्हाईकांनी पाठ फिरवली आणि १९८८ मध्ये उत्पादन थांबले. आता समजा, कोणी हौशी माणसाने त्यातले म्हातारे इंजिन काढून इंग्लंडचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले. गाडी तिच्या रूपाला शोभेल अशी धावू लागेल. परंतु कायद्याच्या आणि बाजाराच्या भाषेत ती आता अस्सल उरली नाही! यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. अस्सलपणा आणि उत्तमपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अस्सल म्हणजे कारखान्याने जे दिले ते, मग ते बरे असो की वाईट. जुन्या गाडीचा गिऱ्हाईक यंत्र विकत घेत नाही, तो साक्ष विकत घेतो. १९८५ साली मद्रासला काय घडले याची साक्ष ते दुबळे इंजिनच देऊ शकते.

साक्षीची ही गोष्ट एकदा थेट न्यायालयात गेली. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटले गाडीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. नंतर ती पुन:पुन्हा बदलली गेली. १९३२ मध्ये तिच्यात साडेसहा लिटरच्या जागी आठ लिटरचे इंजिन आले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत झालेल्या अपघातात तिचा चालक ठार झाला, आणि गाडी नव्याने बांधली गेली. पुढे ती एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा ठरला. खरेदीदाराने माघार घेतली. तिच्यात १९२९ चे जवळजवळ काहीच उरलेले नाही, तेव्हा ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. मूळचे भाग उरलेले नाहीत हे त्यांनी मान्य केले. परंतु गाडीचा इतिहास अखंड आहे, त्याच नावाची दुसरी दावेदार गाडी जगात नाही, आणि जे बदल झाले ते तिच्या आयुष्याच्या ओघात, उघडपणे झाले. म्हणून ती नक्कलही नव्हे आणि मेलेली उठवलेली गाडीही नव्हे, ती ‘ओल्ड नंबर वन’च होय, असे त्यांनी ठरवले. इंजिन परके असूनही किंमत एक कोटी पौंड! ही किमया केली ती अखंड आणि प्रामाणिक नोंदीने.

हा विचार इंग्लंडहून उसना आणण्याची गरज नाही. ग्रीक राजा मिलिंद रथात बसून आला तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला विचारले होते, की आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला, आणि रथ हे साऱ्या जुळणीला दिलेले नाव आहे एवढे अखेर हाती राहिले. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तर याहून जवळचा दाखला आहे. १५६० मध्ये श्रीमंगेशाचे लिंग साष्टीतल्या कुशस्थळीहून प्रियोळला आले. कवळ्याच्या शांतादुर्गेचे मूळस्थान केळशी. स्थळ बदलले, देऊळ नवे झाले, पुढे त्याचाही जीर्णोद्धार झाला. पण ‘हा तो देव नव्हे’ असे कोणी म्हटले नाही. त्याचबरोबर प्रियोळ म्हणजेच कुशस्थळी असेही कोणी खोटे सांगितले नाही. मूळस्थानाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले. बदल मान्य करायचा आणि मूळ विसरायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, हे आपल्याकडे निरक्षर माणसालाही कळत होते.

खुद्द बिदरही हेच शिकवते. तेथील बिदरी काम जगप्रसिद्ध आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरायची, कोरीव रेषेत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिच्यात ते भांडे घोळायचे. मातीने जस्त काळेभोर होते, चांदी तशीच लखलखते. या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तेथील कारागीर रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. आता जुन्या बिदरी हुक्क्याच्या पेल्यातली चांदी जागोजाग निघून गेली, तर कुशल हात नवी तार बसवू शकतो. तो तसे सांगून विकील तर ती दुरुस्ती. सारी चांदी जुनीच म्हणून विकील तर ती लबाडी. वस्तू तीच, हात तोच, फरक एका वाक्याचा. त्याच गावात महमूद गावानचा मदरसा उभा आहे. १४७२ च्या या भव्य इमारतीचा एक मनोरा आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. पडलेला मनोरा कोणी नवा बांधून ‘हा जुनाच’ असे म्हटले नाही. उरलेला एक मनोरा आपल्या जोडीदाराच्या रिकाम्या जागेसह उभा आहे, आणि ती रिकामी जागाही इतिहासच सांगते.

हे सारे मोटारीला लावून पाहिले तर निष्कर्ष सरळ निघतो. परक्या इंजिनाने गाडीची किंमत उतरते ती उतरायलाच हवी, कारण साक्षीचा एक महत्त्वाचा भाग गेलेला असतो. परंतु ती घट मर्यादित असते, तिचा हिशेब मांडता येतो आणि पुढे ती काही अंशी भरूनही काढता येते. लपवलेल्या इंजिनाने होणारी घट मात्र अमर्याद असते. इंजिनावरचा क्रमांक घासून तेथे वहीशी जुळणारा क्रमांक ठोकण्याचा उद्योग जगभर चालतो. अमेरिकेत कॉर्व्हेटसारख्या गाड्यांच्या बाबतीत तर तो कुप्रसिद्ध आहे. असा एक ठोकलेला अंक उघडकीस आला की खरेदीदाराचा विश्वास उरलेल्या प्रत्येक खिळ्यावरून उडतो, मग रंग, चासी, कागद साऱ्यांवरच संशय येतो. शिवाय आपल्याकडे क्रमांक घासणे ही चोरांची रीत असल्यामुळे तो गृहस्थ जुन्या वस्तूंच्या बाजारातून उठून पोलीस ठाण्यात जाऊन बसण्याची शक्यता अधिक.

याच ठिकाणी २०२१ च्या नियमाचा दोष ठळक होतो. इंजिन मूळचे असेल तर मान, नसेल तर काही नाही, अशी एकच रेघ ओढली की प्रामाणिक मालकाला खरे सांगण्यात तोटाच तोटा दिसतो. त्याच्या गाडीवर रस्त्यावर बंदी येत नाही हे खरे. पण तिला सामान्य जुन्या वाहनासारखे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहावे लागते, त्याचे शुल्कही एप्रिल २०२२ पासून वाढले आहे, आणि जुने म्हणजे टाकाऊ हा शिक्का डोक्यावर टांगलेला राहतो. कायदा माणसाला जेव्हा ‘खरे बोलशील तर बाद, खोटे बोलशील तर पास’ असे नकळत सांगतो, तेव्हा त्या कायद्याने इतिहास राखला असे म्हणता येत नाही.

यावर आक्षेप येईल तो आम्हाला ठाऊक आहे. सूट दिली तर उद्या कोणीही भंगारातल्या सांगाड्यात कालचे इंजिन घालून ‘व्हिंटेज’चा तुरा मागेल, आणि धूर ओकणारी खटारी मानाच्या यादीत जाईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आमची मागणी सरसकट सूट द्या अशी नाही. मागणी वेगळ्या वर्गाची आहे. चासी आणि सांगाडा मूळचे असतील, इंजिनाचा बदल फार पूर्वी झाल्याचे आर. सी. बुकातून किंवा अन्य जुन्या कागदांतून दिसत असेल, आणि मालक तो बदल लेखी मान्य करीत असेल, तर ‘इंजिन बदललेली जुनी मोटार’ अशी स्पष्ट नोंद करून तिला दुय्यम का होईना पण मानाचे स्थान द्यावे. त्याच जातीचे इंजिन, त्याच घराण्यातले इंजिन आणि परके इंजिन हा भेदही नोंदीत यावा. अशी गाडी रोज रस्त्यावर येणार नसल्याने धुराचा प्रश्न फारसा उरत नाही. आणि जो खोटा क्रमांक ठोकील त्याची नोंदणी कायमची रद्द व्हावी. सौम्यता खऱ्याला असावी आणि कठोरता खोट्याला. आज ती उलट आहे.

सीमेवरच्या जिल्ह्यांत या कामाला आणखी एक अडचण आहे, ती कागदांची. संस्थानी काळात नोंदवलेली गाडी जागची न हलता हैदराबाद राज्यातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेली, आणि १९७३ मध्ये त्याच राज्याचे कर्नाटक झाले. गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ मध्ये झाले. आज बिदरच्या गाडीवर ‘के ए ३८’ आणि कलबुर्गीच्या गाडीवर ‘के ए ३२’ येते. एवढ्या स्थित्यंतरांत जुन्या दप्तरातले कोणते पान कोठे राहिले असेल, हे शोधणे एकट्या मालकाला झेपणारे नाही. उर्दूत लिहिलेला संस्थानी कागद वाचणारे हातही आता थोडे उरले आहेत. परिवहन खात्याने आणि पुराभिलेखागाराने मिळून असे जुने कागद पुरावा म्हणून स्वीकारण्याची सोपी रीत ठरवून दिली, तर फार मोठा खर्च न होता मोठे काम होईल.

सरकारने काय करावे हे सांगितल्यावर मालकांनाही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. घरात आजोबांची गाडी असेल आणि तिचे मूळचे इंजिन कोपऱ्यात पडले असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. जाम झालेला, तडा गेलेला ब्लॉकही त्यावरच्या क्रमांकामुळे मोलाचा असतो. इंजिन बदलले असेल तर ते आर. सी. बुकात चढवलेले आहे की नाही ते पाहा. कायद्याप्रमाणे तशी नोंद आवश्यक आहे आणि विकताना तीच तुमची ढाल होते. कोणत्या साली, कोणत्या कारणाने, कोणते इंजिन बसवले हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा, कारण सांगणारे माणूस गेले की तो पुरावाही जातो. जॅग्वार, एम जी यांसारख्या कंपन्यांच्या जुन्या वह्या इंग्लंडमध्ये जपलेल्या असून चासी क्रमांक कळवल्यास त्यांवरून दाखला मिळतो, तो मागवा. आणि गाडी घेणाऱ्यांनी रंगाची झिलई पाहण्याआधी दोन क्रमांक आणि एक कागद पाहावा. विक्रेता ‘इंजिन बदललेले आहे’ असे आपण होऊन सांगत असेल, तर किंमत अवश्य कमी करा, पण त्या माणसावरचा विश्वास वाढवा.

शेवटी त्या अनाम मिस्त्रीची आठवण ठेवली पाहिजे. नकाशा नाही, सुटे भाग नाहीत, कारखान्याचे पुस्तक नाही, अशा स्थितीत त्याने एका गाडीचे काळीज दुसऱ्या गाडीत बसवले आणि ते चालवून दाखवले. परदेशातल्या यादीत ही गाडी खालच्या पायरीवर जाईल, तिची किंमतही कमी येईल, ते मान्य. परंतु टंचाईच्या काळात या देशाने दिवस कसे काढले याची साक्ष त्या ओबडधोबड वेल्डिंगमध्ये आहे, आणि ती साक्ष इंग्लंडच्या कोणत्याही वहीत सापडणार नाही. आमच्या नोंदवहीने तरी तिला एक ओळ द्यावी.